दारात गाडी चालू ठेवू नये

रेवती आणि निखिल,

मागच्या आठवड्यात निखिलने एका जुन्या जपानी गाडीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आजी, ही टर्बो आहे. घेऊ का?" मी उत्तर पाठवलं, "आधीच्या मालकाला विचार, घरी पोचल्यावर तो गाडी कशी बंद करायचा." निखिलला वाटलं, आजी चेष्टा करते आहे. चेष्टा नव्हती. त्याच सुमारास आमच्या बिदरच्या मराठी मंडळाने दिवाळी अंकासाठी "तुमच्या कामाविषयी काहीतरी लिहा" असा आग्रह धरला. तेव्हा दोन्ही कामं एकदम उरकते. लिहिते तुम्हा दोघांना. मंडळाच्या वाचकांनी खुशाल शेजारी बसून ऐकावं. तुम्ही मराठी सावकाश वाचता, म्हणून साधं लिहीन.

इथल्या बऱ्याच लोकांना मी इंग्रजीच्या बाई म्हणूनच आठवते. होते मी शिक्षिका, थोडी वर्षं. हैदराबादेत शिकले, बिदरला परतले, शाळेत शिकवलं, आणि नंतर तुमच्या आजोबांच्या गॅरेजात गेले ती गॅरेज विकेपर्यंत तिथेच राहिले. बिदरच्याच कोळार औद्योगिक वसाहतीत पत्र्याची मोठी शेड होती. आजोबांच्या हाताला इंजिन कळायचं, पण जाडजूड इंग्रजी मॅन्युअल समोर आलं की ते चष्मा शोधायला जायचे आणि परत यायचे नाहीत. मॅन्युअल मी वाचायची. गिऱ्हाइकाशी मी बोलायची. कुठला भाग कुठून मागवायचा ते मी ठरवायची. लोक म्हणायचे, "इंजिन साहेब बघत्यात, मालकाला बाई बघत्यात." ते खरंच होतं. गाडी क्वचितच खोटं सांगते. मालकाकडून खरं काढून घ्यायला वेळ लागतो.

आमच्याकडे जपानी टर्बो गाड्या कशा आल्या, हा प्रश्न तुम्हाला पडेल. बिदर-कलबुर्गीची मुलं शिकून बाहेर गेली, काही जपानला, काही सिंगापूरला. कायमचं परत येताना वापरातली गाडी सोबत आणायची सोय असे. मुलं हौसेने गाडी आणत. मग वर्ष-दोन वर्षांनी नोकरी त्यांना पुन्हा बाहेर नेई, आणि गाडी आई-वडिलांच्या दारात राही. इथल्या शोरूममध्ये तिला कोणी हात लावत नसे. मग ती आमच्याकडे येई.

टर्बो म्हणजे काय ते आधी सांगते. इंजिनात पेट्रोल जळतं आणि तापलेला धूर सायलेन्सरमधून बाहेर जातो. त्या धुरात जोर असतो आणि एरवी तो वाया जातो. टर्बोच्या गाडीत धुराच्या वाटेत एक छोटं चक्र बसवलेलं असतं, पाणचक्कीसारखं. धुराच्या जोराने ते फिरतं, आणि त्याच दांड्यावर पलीकडे असलेलं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. दांडा भन्नाट वेगाने फिरतो आणि धुराकडची बाजू लाल होईपर्यंत तापते. एवढं सगळं ऑइलच्या एका पातळ थरावर तरंगत असतं. ते ऑइल इंजिनच पाठवतं. इंजिन बंद, की ऑइल बंद.

आता समजा, गाडी जोरात आणली आणि थांबल्याबरोबर किल्ली फिरवली. तापलेल्या बेअरिंगमध्ये उरलेलं ऑइल जागच्या जागी जळतं. कढईच्या बुडाला तेल जळून काळं कीट धरतं ना, तसं. रोज असं झालं की ऑइलची वाट बुजत जाते, दांडा कोरडा घासतो, आणि एक दिवस सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. म्हणून नियम असा की जोरात आलात तर थांबल्यावर दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं, मग बंद करायचं. हे मी मराठी, कन्नड आणि उर्दूत लिहून घेतलं होतं, आणि प्रत्येक टर्बो गाडीच्या आरशाला तो कागद बांधून द्यायची.

गाडी नवी असताना चुका पोटात घालते. जुनी झाली की घालत नाही. रबरी नळ्या आमच्या उन्हाने तडकतात आणि कोंबलेली हवा वाटेतच निसटते. मग मालक म्हणतो गाडी दमली. बिदरची लाल धूळ पिठासारखी बारीक, ती हवेच्या फिल्टरमधून वाट काढते. औरादचे एक कंत्राटदार धुळीवर उपाय म्हणून जाळीमागे पुठ्ठा लावून आले होते. इंजिनाला धूळ लागत नव्हती, वाराही लागत नव्हता. एक गृहस्थ खंडेनवमीला गाडीला एवढा झेंडूचा हार घालून देवळाला निघाले की पोचेपर्यंत रेडिएटर उकळला. पाकळ्या चिमट्याने काढताना आजोबा म्हणाले, "देवाला वाहिलेली गाडी आहे, आपण काय बोलणार." आणखी एकांची तक्रार अशी की टर्बो फिरताना वाजणारी शिट्टी शेजाऱ्याला ऐकू जात नाही. त्यांना मी चहा पाजून परत पाठवलं.

पण मला सांगायचं आहे ते भीमण्णांच्या गाडीविषयी.

भीमण्णा बिदरजवळच्या जनवाड्याचे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. भीमण्णांच्या वेळेपर्यंत शेती आली आणि फिरणं संपलं. मुलगा शिवराज जपानमध्ये इंजिनिअर होता. तो चांदीच्या रंगाची टर्बो गाडी घेऊन परतला, आणि पुढे सिंगापूरला गेला. जाताना म्हणाला, "अप्पा, गाडी उभी ठेवू नका, खराब होईल." भीमण्णांनी ते अक्षरशः पाळलं. स्वतः त्यांना चालवता येत नव्हतं. चालवायचे उस्मानचाचा, जे पूर्वी त्यांची जीप चालवत. दोघं एका वयाचे, एकाच गावचे. गाडीत एक पुढे, एक मागे, आणि भांडण अखंड.

"उस्मान, ब्रेक कामून मारलास?"

"सामने म्हैस थी अण्णा."

"म्हैस तिकडं जायलीती."

"उसे मालूम था क्या, तुम मागे बसलेत करके?"

असे ते गॅरेजात शिरायचे. ऑइल टाकताना उस्मानचाचा आधी झाकणाभोवतीची धूळ फडक्याने पुसून घ्यायचे, आणि मगच झाकण उघडायचे. आमच्या मेकॅनिकांना मी ते दाखवायची.

पहिल्यांदा निळा धूर आला तेव्हा आम्हाला आश्चर्य वाटलं नाही. गाडीचं वय झालं होतं. टर्बो काढून हैदराबादला पाठवला, नवी बेअरिंगं आणि सील घालून आणला, बसवला. सिंगापूरहून येणाऱ्या एका भाच्याच्या बॅगेतून ऑइलची नवी नळीही मागवली. पुढच्या उन्हाळ्याच्या आत पुन्हा निळा धूर. आता मात्र आजोबांनी टर्बो बाकावर घेतला. उघडून बघितलं तर आत काळं कीट. त्यांनी ऑइल तपासलं, पंप तपासला, सगळं ठीक. म्हणाले, "सुमती, आपल्या हातून काही राहिलेलं नाही. हे गाडी बंद करण्यातलं आहे." मी उस्मानचाचांना विचारलं. ते म्हणाले, "बराबर दो मिनट रखतूँ बाईसाब." आणि गॅरेजात येताना ते खरंच तसं करत. मी खिडकीतून बघितलं होतं.

आम्ही दुसऱ्यांदा टर्बो दुरुस्त करून दिला, आणि तो काही महिन्यांत गेला. या वेळी सिंगापूरहून शिवराजचा फोन मला आला. मुलगा चांगला होता, पण लांब बसून माणूस हिशेब फार सरळ मांडतो. म्हणाला, "काकू, मी इंजिनिअर आहे. चांगलं ऑइल असताना कीट धरत नाही. उस्मानचाचा डब्यातलं महाग ऑइल विकतात आणि हलकं घालतात. मी अप्पांना सांगितलंय, या महिन्याचा पगार देऊन त्यांना मोकळं करा. गाडी विकून टाकू."

मी म्हटलं, "ऑइल आम्ही तपासलं आहे. हलकं नव्हतं."

"मग दुसरं कारण सांगा," तो म्हणाला.

कारण माझ्याकडे नव्हतं. चोर नाही एवढं सांगून भागत नाही. मग कोण, ते सांगावं लागतं. उस्मानचाचांच्या कानावर ही गोष्ट गेली होती. त्यांनी गॅरेजात येऊन एवढंच विचारलं, "बाईसाब, तुमकू भी वैसाच लगता?" मी नाही म्हटलं. ते मान हलवून गेले. त्या वयात कोळारच्या गोदामात रात्रपाळीची वॉचमनकी सोडली तर त्यांना दुसरं काही मिळणार नव्हतं, आणि ऑइलचोर म्हणून निघालेल्या माणसाला तीही कोणी दिली नसती.

आम्ही तिसऱ्यांदा टर्बो बसवून दिला, तो भीमण्णांच्या शब्दावर. त्यांच्या लेकीचं सासर कडगंचीला, तिथे नव्या घराची घरभरणी होती. भीमण्णा म्हणाले, "अक्का, तुमी बी चला. गाडी कशी चालतीय ते बी बघा. महिना सरायच्या आत मला पोराला काय ते सांगायचं हाय." मी साडी-चोळीचं पुडकं घेतलं आणि बसले.

रस्ता चांगला होता. हुमनाबाद सोडलं आणि भीमण्णा घड्याळ बघू लागले, कारण जेवणाच्या आधी पोचायचं होतं. उस्मानचाचांनी गाडी भरधाव सोडली. चढावर टर्बोची बारीक शिट्टी एका सुरात येत होती. कुठे अडखळणं नाही. कलबुर्गी ओलांडलं, आळंदचा रस्ता धरला, पुन्हा वेग. लेकीचं घर अगदी हमरस्त्याला लागून. व्याही दारात उभे, विहीणबाई पायावर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन. गाडी रस्त्यावरून उतरली आणि सरळ दारात गेली. चाकं पुरती थांबायच्या आत उस्मानचाचांनी किल्ली फिरवली.

एकदम शांतता झाली. बॉनेटखाली तापलेलं लोखंड टिक टिक वाजू लागलं. मी तशीच बसून राहिले. भीमण्णांच्या पायावर पाणी पडत होतं आणि उस्मानचाचा दार धरून अदबीने उभे होते.

दुसऱ्याच्या घरभरणीत आपली उकल मांडायची नसते. परतीला निघालो तेव्हा विचारलं.

"उस्मानचाचा, गॅरेजात दोन मिनिटं थांबता. मग इथे का नाही थांबलात?"

त्यांनी आरशातून मागे बघितलं. माझ्याकडे नाही, भीमण्णांकडे.

"भूल गया बाईसाब."

"आणि जनवाड्याला? घरी?"

"वहाँ भी भूल जातूँ."

झाकण उघडण्याआधी धूळ पुसणारा माणूस हे विसरेल, असं मला वाटेना. मी भीमण्णांकडे वळले. "अण्णा, कोणाच्या दारात गाडी चालू ठेवून उतरलं तर काय होतं?"

"चालू ठिवून?" त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "ते बरं दिसत न्हाई, अक्का. आमचा बाप मेंढरामागं फिरायचा तवा सामानाचं घोडं संगं आसायचं. कुनाच्या दारात गेलं की आधी घोड्यावरचं ओझं उतरायचं, मग रामराम. ओझ्यासकट घोडं उभं केलं म्हंजी मानूस टेकायला आला न्हाई, तोंड दावून पळायला आलाय. गाडीचं बी तसंच. भुनभुन चालू ठिवली तर व्याही म्हनंल, हेला पानी बी घ्यायचं न्हाई काय."

"आणि स्वतःच्या घरी?"

"घरी अव्वा वसरीवर बसलेली आसती. आईच्या तोंडासमोर धूर काढत उभं ऱ्हायचं का?"

"मग हे उस्मानचाचांना कोणी सांगितलं?"

भीमण्णा बोलायला गेले आणि थांबले. उस्मानचाचांची नजर रस्त्यावर होती. मी काळ्या किटाची गोष्ट सांगितली, तुम्हाला वर सांगितली तशीच, कढईसकट. भीमण्णांचं घर जनवाड्यात मुख्य रस्त्यावर, कडगंचीचं हमरस्त्यावर. दोन्हीकडे गाडी वेगातून सरळ दारात. जिथे मान राखायचा तिथेच टर्बो जळत होता. दर खेपेला टर्बोत थोडं कीट वाढत होतं.

भीमण्णांनी ऐकून घेतलं. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला भीती वाटू लागली. आता हे नुसते गप्प बसले तरी पुरलं असतं. मुलगा लांब, नोकर गरीब, आणि नोकराने स्वतःच "भूल गया" म्हटलेलं. एवढ्यावर सगळं मिटलं असतं, आणि बापाचा शब्द मुलापुढे खाली पडला नसता. मी शिवराजला कळवू शकले असते, पण बाप नाही म्हणाला असता तर माझं कोण ऐकणार होतं.

कमलापूरला रस्त्याकडेला लाल केळी विकायला बसतात. तिथे भीमण्णांनी गाडी थांबवायला सांगितली. उस्मानचाचांनी या वेळी दोन मिनिटं मोजून इंजिन चालू ठेवलं, आणि मग बंद केलं. भीमण्णा खाली उतरले, केळीचा फणा घेतला, आणि तिथेच उभ्या उभ्या सिंगापूरला फोन लावला. म्हाताऱ्या माणसांना वाटतं, गाव लांब असेल तर मोठ्याने बोलावं लागतं. केळीवाल्या बाईसह आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"शिवा, ऐक. उस्मान ऑइल विकलाला न्हाई. न्हाई. दारात गाडी बंद कर म्हनून म्याच सांगितलो होतो त्याला, पयल्याच साली. एकदा चालू ठिवला तर चार मानसांत त्याच्यावर वरडलो बी होतो. ... व्हय, त्यानंच टर्बो गेला. अक्का हितंच हाय, विचार तिला. ... ते तुज्या पुस्तकात नसंल. ... आसं कर, मानूस काढायचाच आसंल तर मला काढ. पगार बी देऊ नको."

पलीकडे काय झालं ते मला ऐकू आलं नाही. भीमण्णा बराच वेळ "व्हय, व्हय" करत राहिले. मग फोन खिशात घालून ते उस्मानचाचांकडे वळले.

"तू कामून सांगितलास न्हाई रे? तुला चोर म्हनायलेत, आन् तू भूल गया, भूल गया."

उस्मानचाचा केळ सोलत होते. "क्या बोलता अण्णा? छोटे मालक कू बोलूँ, तुम्हारे अब्बा ने गाडी खराब करी करके? वो बात मेरे मूँ से अच्छी लगती क्या?"

"आन् चोर म्हनलेलं चांगलं लागतंय का?"

"वो तो वो बोले ना. मैं कहाँ बोला?"

भीमण्णांनी फण्यातलं आणखी एक केळ तोडून उस्मानचाचांच्या हातात दिलं, आणि "बस आता गाडीत, उगं वकिली करू नको" म्हणाले.

पण एवढ्याने टर्बो वाचत नव्हता. गाडीत बसल्यावर भीमण्णांनी मला स्पष्ट सांगितलं, दारात गाडी चालू ठेवणं त्यांच्याने होणार नाही. आई असेपर्यंत नाही, आणि व्याह्याच्या दारात कधीच नाही. "दुसरं कायतर सांगा." मी रागावले नाही. आरशाला बांधलेल्या कागदावर गाडी कशी थांबवायची ते होतं. कुठे थांबते ते नव्हतं.

गॅरेजात येऊन आजोबांना सांगितलं. ते हसले, आणि मग आम्ही दोघांनी मॅन्युअल पुन्हा काढलं. दोन मिनिटं थांबण्याचा हेतू टर्बोवरचा जोर कमी करून ताजं ऑइल फिरत ठेवणं, एवढाच. तो हेतू थांबूनच साधायला हवा असं नाही. शेवटचा थोडा रस्ता गाडी हळू, इंजिनावर भार न देता आणली, तर दारात पोचेपर्यंत टर्बो निवतो. मग किल्ली लगेच फिरवली तरी चालतं.

भीमण्णांनी ऐकलं आणि त्यांना ते लगेच पटलं. "तापलेलं जितराब पान्यावर नेत न्हाईत. लांबून चालवत आनायचं, मग पाजायचं. हे आधी सांगायचं की." त्यांनी स्वतःच जागा ठरवल्या. जनवाड्याला गावाबाहेरची शाळेची भिंत, कडगंचीला विद्यापीठाचं फाटक. तिथून पुढे बैलगाडीच्या चालीने. पहिले काही दिवस मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून बेजार करत. जनवाड्याच्या पारावरची मंडळी विचारत, "चाचा, ढकलू का?" उस्मानचाचा काच खाली करून म्हणत, "ढकलो, पेट्रोल बचेगा."

शिवराज पुढच्या सुट्टीत आला तेव्हा आधी उस्मानचाचांच्या घरी गेला. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही. गाडी विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

त्यानंतर मी कागद बदलून लिहिला, आणि नव्या गिऱ्हाइकाला आधी विचारू लागले की तुमचं घर रस्त्यावर आहे का, दारात कोण बसलेलं असतं. लोकांना वाटे, बाई भोचक आहेत. मला एकच गोष्ट अजून टोचते. भीमण्णांच्या आधीही काही गाड्यांचे टर्बो असेच गेले होते. ते दुरुस्त केले, मालकांनी गाड्या विकल्या, ड्रायव्हर बदलले. ते ड्रायव्हर कुठे गेले आणि कोणतं नाव घेऊन गेले, हे आता कोणाला विचारणार?

तुमचे आजोबा नाहीत, गॅरेजच्या जागी आता गोदाम आहे. भीमण्णांची आईही गेली. गाडीच्या बॉनेटवरचा रंग उडाला आहे, एसी चालत नाही, आणि मागची डावी काच हाताने ओढून वर करावी लागते. उस्मानचाचांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, म्हणून अंधार पडल्यावर ते चालवत नाहीत. दिवसा तेच चालवतात. तिसऱ्यांदा बसवलेला टर्बो अजून तोच आहे.